उलटा रविवार

मित्राचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते आणि मनातल्या मनात सोनवणे सरांशी भांडत होते. यात नवीन काही नाही. गेली कित्येक वर्षं माझा सकाळचा स्वयंपाक असाच चालतो, हात परातीत आणि डोकं सरांच्या मागच्या रविवारच्या मुद्द्यात. त्या दिवशी डोक्यात मुंग्यांचा मुद्दा चालला होता. वारुळातल्या कामकरी मुंग्या स्वतः अंडी घालत नाहीत, राणीची पिल्लं वाढवण्यात जन्म घालवतात. याला त्याग म्हणावं का, असं सर विचारून गेले होते आणि माझ्याकडे चोख उत्तर तयार होतं. कणकेच्या हातानेच फोन उचलला. मित्रा म्हणाली, "मावशी, बाबा गेला. पहाटे झोपेतच." संघमित्रा म्हणजे सरांची मुलगी, आम्ही सगळे तिला मित्रा म्हणतो. मी गॅस बंद केला, स्टुलावर बसले, आणि पहिला विचार मनात आला तो हा, की आता हे मुंग्यांचं मी कुणाला सांगू. तीस वर्षांच्या स्नेह्याच्या मरणाची बातमी ऐकून माणसाला जे पहिलं सुचतं ते हे असावं... मला तरी तेच सुचलं. रडू नंतर आलं.

या पुरवणीसाठी सरांवर लिहा, चार गोड आठवणी सांगा, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. गोड आठवणी माझ्याकडे ढीगभर आहेत. लिहायला बसले आणि दोन परिच्छेद झाल्यावर हात थांबला, कारण जे लिहीत होते ते खरं असूनही खोटं वाटत होतं. मग मी उठून विठ्ठलवाडीला, सरांच्या घरी गेले, जे करायचं राहिलं होतं ते केलं, आणि आता हे नव्याने लिहिते आहे. मित्राला विचारून लिहिते आहे. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "कशाला बाई स्वतःचं असं चव्हाट्यावर मांडता?" त्यांचंही बरोबर आहे. पण सरांवर लिहायचं आणि हे गाळायचं, हे मला जमणार नाही.

आम्ही दोघं कल्याणच्या एकाच कनिष्ठ महाविद्यालयात होतो. ते मराठी शिकवायचे, मी जीवशास्त्र. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं समोरासमोर लागली होती, त्यात कुणाचा काही हेतू नव्हता, पण पुढचा सगळा इतिहास त्या टेबलांमुळे घडला. मी नुकतीच रुजू झालेले, तोंडाने फटकळ, आणि उत्क्रांतीचं वेड डोक्यात शिरलेलं. माणसाच्या कुठल्याही वागण्याचं कारण मी लाखो वर्षांपूर्वीच्या गवताळ रानात शोधून द्यायचे. कुणी चुगली केली, तर चुगली म्हणजे टोळीत कोण भरवशाचं हे तपासण्याची जुनी सोय. प्राचार्य ओरडले, तर तो कळपातल्या नराचा दरारा. एका दुपारी सर पेपर तपासता तपासता म्हणाले, "बाई, तुमच्या शास्त्रात कुणी नुसताच चांगला असतो का हो? काही कारण नसताना?" मी म्हटलं, "नसतो." ते म्हणाले, "मग बसा. यावर बोलू." आणि आम्ही बोलायला लागलो ते सर जाईपर्यंत.

कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगते, सर उत्क्रांती नाकारणारे नव्हते. माणूस कुठून आला याबद्दल आमच्यात कधीच वाद नव्हता. वाद होता तो पुढचा, की आलेला माणूस वागतो कशामुळे, आणि त्याने वागावं कसं. मी म्हणायचे, माया, राग, मत्सर, दया, सगळं त्या जुन्या गरजेतून घडत आलंय, रक्ताच्या नात्यासाठी माणूस मरतो आणि परक्यासाठी खिशात हात घालायलाही कचरतो, हे मान्य करा. ते म्हणायचे, "घडत आलंय ते मान्य. पण जे आहे तेच असावं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या आजोबांना पाणवठ्यावरून हाकलणाराही हेच म्हणत होता, की हे पहिल्यापासून असंच आहे." एवढं बोलून ते शांतपणे पुढचा पेपर ओढायचे. आवाज कधी चढायचा नाही त्यांचा. माझा चढायचा, आणि शिपाई दारातून डोकावून बघायचा.

एकदा मात्र आम्ही एका बाजूला आलो. महाविद्यालयाच्या समारंभाला एक पाहुणे आले होते, शहरातलं मोठं प्रस्थ. त्यांनी भाषणात मुलांना सांगितलं की निसर्गात लायक टिकतो आणि नालायक संपतो, म्हणून सवलती वगैरे देणं हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. सभागृहात मागच्या रांगांत बसलेली मुलं माना खाली घालून बसली. सर उठणार हे मला दिसलं, आणि मला काय झालं कोण जाणे, मीच आधी उठले. म्हटलं, हे जीवशास्त्र नाही. निसर्गात टिकणं म्हणजे श्रेष्ठ असणं नव्हे, झुरळही टिकलंय. पुढची तीन-चार वाक्यं मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण प्राचार्यांचा चेहरा आठवतो. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "आज तुम्ही माझ्या बाजूने बोललात." मी म्हटलं, "मी जीवशास्त्राच्या बाजूने बोलले." ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. पुढे कितीतरी दिवस टेबलापाशी आले की "झुरळ टिकलंय" एवढंच म्हणून बसायचे.

उलटा रविवार ही त्यांचीच कल्पना. सर वादविवाद स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घ्यायचे आणि त्यांची एक खोड होती. मुलाला आवडती बाजू द्यायचे नाहीत. दोन्ही बाजू घोटवून घ्यायचे, आणि न पटणारी बाजू जास्त जोरात मांडायला लावायचे. "दुसऱ्याचं बोलणं त्याच्याहून चांगलं बोलून दाखवता आलं, तरच त्याला खोडायचा हक्क," असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर मी मुलाकडे ठाण्यात माजिवड्याला राहायला आले, ते विठ्ठलवाडीतच राहिले, आणि आमचा वाद रविवार सकाळचा झाला. मी बसने कल्याण गाठायचे, पुढे रिक्षा. तेव्हा त्यांनी तोच नियम आम्हाला लावला. महिन्यातला शेवटचा रविवार उलटा. त्या दिवशी मी माणसाच्या भलेपणाची वकिली करायची आणि त्यांनी माझ्या निसर्गाची. कुचराई करायची नाही. शेवटी एकमेकांना गुण द्यायचे, अगदी स्पर्धेसारखे, मांडणीचे वेगळे आणि खंडनाचे वेगळे. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि भात झाला की बाहेर येऊन निकाल द्यायच्या, "दोघंही हरलात. पानं घेतलीत."

माझे पती आजारी पडले तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही तेव्हा डोंबिवलीला होतो. मुलगा शिकायला बाहेर, मी दवाखान्यात, आणि घरात चूल पेटत नव्हती. सोनवणे कुटुंबाने जवळजवळ वर्षभर आम्हाला जेवू घातलं. सर स्वतः डबा घेऊन यायचे, यांच्या पायाशी बसून यांना पेपर वाचून दाखवायचे. हे गेल्यावर, सगळं थोडं निवल्यावर, मी एकदा सरांना म्हटलं की तुम्ही केलंत ते माझ्या शास्त्रात बसतं, आज मी तुझं करतो, उद्या तू माझं कर. असं बोलायची काही गरज होती का? पण मला आभार मानता येत नाहीत. कढ आला की मी शास्त्र काढते. सरांना ते ठाऊक होतं. म्हणाले, "बरं बाई, मग आमची पाळी आली की या." वहिनींना मात्र लागलं असावं. त्या दिवशी त्या जेवताना गप्प होत्या.

मित्रा त्यांची दत्तक मुलगी. ती अगदी तान्ही असताना घरी आली, आणि ही गोष्ट तिच्यापासून किंवा कुणापासून कधी लपवलेली नव्हती. इतकी साधी होती की तिचा उल्लेखही व्हायचा नाही. पण आमच्या वादाचा अर्धा भाग रक्ताच्या नात्यावर चालायचा आणि त्यात मित्राचं उदाहरण सर कधीही द्यायचे नाहीत. त्यांच्या हातातला तो हुकमी पत्ता होता. एकदाच टाकला असता तर मी गप्प झाले असते. त्यांनी टाकला नाही, आणि मीही त्या वाटेला गेले नाही. माझ्या मुलीला तुमच्या खेळात ओढायचं नाही, असं ते कधी म्हणाले नाहीत, पण आम्ही दोघांनी ते पाळलं. हे आत्ता एवढ्यासाठी सांगते की पुढे जे झालं त्यात याचाही हात आहे.

सरांच्या किडन्या हळूहळू निकामी होत गेल्या आणि मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. वहिनींना साखरेचा त्रास, त्यामुळे त्यांची किडनी चालणार नव्हती. प्रतीक्षेच्या यादीत नाव घातलंय, एवढंच सरांनी मला सांगितलं होतं आणि मी तेवढ्यावर थांबले. मित्रा तेव्हा ठाण्याला एका वास्तुरचनाकाराकडे कामाला लागलेली. ती सुट्ट्या घेऊन बाबाला नेआण करायची. रविवार मोकळा असायचा, म्हणून आमचा वाद चालूच राहिला. फरक एवढाच की सरांचं पाणी मोजून, त्यामुळे मीही त्यांच्यासमोर पाणी प्यायचे नाही, आणि ते "प्या हो, मला बघूनच बरं वाटतं" म्हणायचे. आवाज बारीक झाला होता. बुद्धी मात्र जशीच्या तशी, उलट थोडी जास्तच तिखट.

त्यांच्या जाण्याच्या काही आठवडे आधीचा तो उलटा रविवार. विषय सरांनीच काढला, म्हाताऱ्यांनी तरुणांकडून काय घ्यावं. बाजू ठरलेल्या होत्या. त्यांच्याकडे निसर्ग, माझ्याकडे माणूस. ते खिडकीजवळच्या खुर्चीत एक पाय मुडपून बसले होते, डायलिसिसच्या हातावर पट्टी होती. म्हणाले, "समजा, एक बाप आहे. त्याचं जगून झालंय. आणि समजा, त्याची मुलगी म्हणते, बाबा, माझ्या वाट्यातलं थोडं घे आणि आणखी जग. तर बाई, तुमचा निसर्ग काय सांगतो? निसर्गात घास वरून खाली जातो. पक्षी पिल्लाला भरवतो. पिल्लू मोठं होऊन आपल्या पिल्लाला भरवतं, मागे वळून म्हाताऱ्या पक्ष्याला भरवत नाही. म्हाताऱ्याने घेतलं तर त्याच्यानंतर येणाऱ्यांचं कमी होतं. ही उलटी गंगा झाली. बापाने घेऊ नये. नियमच आहे तो, तुमचाच."

आज हे वाचणाऱ्याला लगेच कळेल. मला कळलं नाही. आमच्या वादात 'समजा' दर दोन वाक्यांनी यायचा, समजा एक माकड, समजा एक टोळी, समजा एक सासू. मित्राला ते मध्ये आणत नाहीत, हे मला पक्कं माहीत. आणि बाजू उलटी, म्हणजे बोलताहेत ते त्यांचं मत नव्हेच, हेही पक्कं. फार तर मला वाटलं, मुलगी सुट्ट्या घेऊन धावपळ करते त्याचं यांना वाईट वाटत असेल. खरं सांगायचं तर मला एवढाही विचार करायचा नव्हता. मी मोहरून गेले होते. माझीच बाजू, जन्मभर मी घसा फोडून मांडली ती, सरांच्या तोंडून त्या सुंदर मराठीत ऐकायला मिळत होती. इतकं नेटकं मला कधी मांडता आलं नव्हतं.

आणि मग म्हणाले, "आणि ते पिल्लू कुणाच्या पोटचं, हे मला विचारू नका. या हाताने भरवलं ना, मग ते पिल्लूच. त्याचं तर अजिबातच घेता येत नाही."

यावर मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "सर, घसरलात. हा मुद्दा तुमच्या नेहमीच्या बाजूचा आहे, आज चालायचा नाही. दोन गुण कापले." आणि टाळी दिली स्वतःच्याच गुडघ्यावर. ते हसले. "कापा," म्हणाले.

माझी पाळी आली. मी दोन-चार गुळगुळीत वाक्यं बोलले, माणूस हा कृतज्ञ प्राणी आहे वगैरे, शाळेतल्या निबंधासारखी. कुचराई करायची नाही हा आमचा नियम होता आणि मी कुचराई केली. एक तर जे ऐकलं ते मला खोडायचं नव्हतं. त्या रविवारी हरणं म्हणजे माझंच जिंकणं होतं. आणि दुसरं, आजारी माणूस आहे, जिंकू दे त्याला, असा एक मोठेपणाही मनात होता. तीस वर्षांत मी सरांना कधी सूट दिली नव्हती. नेमकी तेव्हा दिली. सर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "एवढंच, बाई? आणखी काही नाही तुमच्याकडे?" मी म्हटलं, "नाही सर. आज तुम्ही जिंकलात." त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. वहिनी हातात लसणाचा गड्डा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दोघंही हरलात, असं त्या म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, विसरल्या असतील.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे सरांच्या स्मरणाचा, कार्यक्रम घराजवळच्या बुद्ध विहारात झाला. जुने विद्यार्थी खूप आले होते, कुणी आंबिवलीहून, कुणी पार नाशिकहून. मीही बोलले, झुरळाची गोष्ट सांगितली, लोक हसले, डोळे पुसले. नंतर मित्राने मला बाजूला, चपला ठेवायच्या जागेपाशी नेलं. म्हणाली, "मावशी, तुम्हाला माहीत नसेल, मी टेस्ट केलेल्या. सगळ्या. डॉक्टर म्हणालेले, माझी किडनी चालेल. दत्तक म्हणून कागदं जास्त लागली असती, कमिटीपुढे जावं लागलं असतं, पण होईल म्हणालेले. बाबाने ऐकूनच घेतलं नाही. आईला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. मला म्हणाला, तुला आणलं ते काही घेण्यासाठी नाही. आणलं, म्हणाला. एवढ्या वर्षांत कधी तसं बोलला नव्हता. तुमच्याशी काही बोलला का तो? तुमचं ते रक्ताबिक्ताचं चालायचं ना... त्याला माझी किडनी परकी वाटली का?"

समजा एक बाप आहे... सगळा रविवार एका क्षणात माझ्यासमोर उभा राहिला. तिला हवं होतं ते वाक्य माझ्याकडे होतं, शब्दाला शब्द. जगात आणखी कुणी ते तिला देऊ शकत नव्हतं. आणि मी म्हटलं, "नाही गं. आमचे वाद सगळे पुस्तकी." मग मी आत जाऊन पंगतीत बसले आणि वाढलेली खीर खाल्ली.

का सांगितलं नाही, तर ते एक वाक्य सांगायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागणार होतं. त्यांनी ते म्हटलं आणि मी गुण कापले, हे. त्यांनी विचारलं, आणखी काही नाही का, आणि मी नाही म्हटलं, हे. मित्रा मला मावशी म्हणते. माझ्या मुलाहून जास्त फोन तिचे येतात. ते जाईल, या भीतीने मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यात ती मुलगी रोज काय सोसत असेल ते मला दिसत होतं. मनाची समजूत घालायला मी सगळं करून पाहिलं. ऑपरेशन झेपलंच असतं कशावरून? डॉक्टरसुद्धा छातीठोकपणे सांगत नाहीत. सरांनी ठरवलंच होतं, मी बोलून काय फरक पडला असता? शेवटी शास्त्र काढलं. अपराधी वाटणं म्हणजे टोळीतून हाकललं जाण्याची आदिम भीती, बाकी काही नाही, असं मी वर्गात शिकवलं असतं. शिकवलंही असेल. भाजी चिरताना स्वतःला हे सांगून पाहिलं. कारण कळलं म्हणून ते कमी झालं नाही. झोप यायची नाही ती नाहीच.

मग गेल्या रविवारी गेले. मित्रा घरीच होती, वहिनी मेथी निवडत होत्या. मी पाणी न घेताच सांगायला सुरुवात केली, कारण थांबले असते तर पुन्हा काहीतरी पुस्तकी बोलून परत आले असते. सगळं सांगितलं. पिल्लाचं वाक्य आलं तेव्हा मित्राने हात वर करून मला थांबवलं. "परत सांगा." मी परत सांगितलं. "पिल्लूच, म्हणाला?" "पिल्लूच म्हणाले. त्याचं तर अजिबातच घेता येत नाही, म्हणाले." तिने दोन्ही तळवे तोंडावर ठेवले. रडली, मग हसली, मग म्हणाली, "तुमचाच नियम लावला त्याने मला. सख्ख्या पोरीसारखा. येडा आहे बाबा." मला वाटलं, चला, हिचं हिला मिळालं. मी उठायच्या बेतात होते.

"आणि मग तुम्ही काय बोललात?" तिने विचारलं.

"फार काही नाही. मी... सोडून दिलं. मुद्दाम हरले."

मेथी निवडणं थांबलं. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी दारातच उभी होते बाई त्या दिवशी. शपथ घातलेली, म्हणून तोंड उघडता येईना. डोळे तुमच्याकडे लावून उभी होते. म्हटलं, आता बाई यांना धरतील. आमच्या दोघींचं ऐकून तर झालं होतं त्यांचं, आणि दोघींनाही नाहीच म्हणाले होते. विषय त्यांनी स्वतः काढला तुमच्यापुढे. ते काय उगाच काढला असेल?"

एवढंच, बाई, असं विचारताना सरांचा चेहरा कसा होता ते मला आठवत होतं. जिंकलेल्या माणसाचा तो नव्हता.

मित्रा उठली. मला वाटलं, आता ही मला जा म्हणेल, आणि म्हणाली असती तर मी गेले असते. ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, पण मऊही नव्हता. "मावशी, बाबाला हरवायला फक्त तुम्हालाच यायचं," ती म्हणाली. "आता मांडा."

"काय मांडू?"

"ती बाजू. त्या दिवशी तुमच्याकडे होती ती. मला ऐकायचीये."

"आता काय उपयोग, मित्रा?"

"मांडा ना."

मी मांडायला लागले. म्हटलं, सर, घास वरून खाली जातो हे पक्ष्यांचं झालं, माणसाचं तसं नाही. फार जुन्या माणसांच्या हाडांत दात पडलेल्या म्हाताऱ्यांच्या कवट्या सापडतात. दात पडल्यावरही ती माणसं वर्षानुवर्षं जगली होती. म्हणजे कुणीतरी त्यांना मऊ करून भरवत होतं, आणि ते त्यांच्याहून तरुणच असणार. उलटी गंगा म्हणता ती माणसाच्या जातीत पहिल्यापासून वाहते आहे. म्हटलं, म्हातारा जगला तर नातवंडांना सांभाळायला एक हात जास्त मिळतो, पाणी कुठे आहे हे ठाऊक असलेलं एक डोकं जास्त मिळतं, म्हणजे तुमच्या हिशेबानेही त्याला जगवणं बरोबर ठरतं. म्हटलं, एक मूत्रपिंड देऊन पिल्लाचं आयुष्य संपत नाही, आणि बाप नाही म्हणाला तर त्या पिल्लाच्या मनाचं काय होतं, ते तुम्ही हिशेबात धरलेलंच नाही. म्हटलं, तुम्ही आयुष्यभर लोकांना दिलंत, सर, आणि घ्यायची पाळी आली तेव्हा नियम काढलात, हा वाद नव्हे, ही पळवाट आहे. मित्रा मध्ये मध्ये तोंड उघडून बापासारखे आक्षेप घेत होती आणि मी ते एकेक करून खोडत होते. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मी कुठेही अडखळले नाही. आठवावं लागलं नाही, शोधावं लागलं नाही. सगळे मुद्दे मला येत होते. त्या दिवशीही येत होते.